व्हॅटिकनच्या अभिलेखागारात संशोधनासाठी प्रवेश : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

पोपच्या दरबारातून निघालेली लॅटिन फर्माने, बिशपांच्या नेमणुकांची पत्रे, धर्मपरिषदांचे कागद आणि परदेशी दरबारांतील पोपच्या वकिलांचे, म्हणजे राजदूतांचे, अहवाल यांच्या मूळ प्रती पाहायच्या असतील, तर अभ्यासकाला बहुधा रोमला जावे लागते. तेथील मुख्य संग्रह व्हॅटिकन अपोस्तोलिक अभिलेखागार या नावाने ओळखला जातो. ऑक्टोबर २०१९ पर्यंत त्याच्या नावात ‘सेक्रेतुम’ हा शब्द होता आणि त्याचे ‘गुप्त’ असे भाषांतर झाल्यामुळे तेथे सामान्य माणसाला पाऊल ठेवता येत नाही, असा समज आपल्याकडेही पसरला. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ पेशवाईतील ‘खासगी’ या शब्दाच्या जवळचा आहे : पोपच्या स्वतःच्या अखत्यारीतील दफ्तर, एवढाच. पोप तेरावे लिओ यांनी १८८१ मध्ये ते अभ्यासकांना खुले केले आणि तेव्हापासून कोणत्याही देशाच्या व कोणत्याही धर्माच्या पात्र संशोधकाला तेथे प्रवेश मिळत आला आहे. प्रश्न आहे तो ‘पात्र’ या शब्दाचा.

पात्रता

अर्जदाराकडे विद्यापीठाची पाच वर्षांच्या शिक्षणक्रमाइतकी पदवी असावी, असा मुख्य नियम आहे. आपल्याकडील तीन वर्षांची बी.ए. त्यासाठी पुरत नाही. तीन अधिक दोन असा हिशेब करून एम.ए. झालेल्या व्यक्तीने अर्ज करावा, हे योग्य. धर्मगुरू किंवा संन्यस्त व्यक्ती अर्ज करीत असेल, तर तिच्याकडे चर्चच्या शिक्षणपद्धतीतील लिसेंशिएट ही पदवी किंवा डॉक्टरेट असणे अपेक्षित असते. पीएच.डी.चे काम चालू असलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळू शकतो, मात्र आपल्या प्रबंधाला हेच कागद का लागतात, हे त्याने पटवून द्यावे लागते. पत्रकारितेसाठी, घराण्याची वंशावळ शोधण्यासाठी किंवा केवळ कुतूहलापोटी केलेला अर्ज पुढे सरकण्याची आशा धरू नये.

लॅटिनची लेखी परीक्षा घेऊन कोणी प्रवेश देत नाही, परंतु ज्याला लॅटिन, इटालियन आणि गोव्याच्या संदर्भात पोर्तुगीजही वाचता येत नाही, त्याला वाचनालयात बसून काही हाती लागणार नाही. भाषा आली तरी लिपीचा अडसर उरतोच. मोडी वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको : अक्षरे ओळखीची असली तरी शब्द अर्धे तोडून वर आडवी रेघ दिलेली असते, प्रत्यय गाळलेले असतात आणि लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक असलेली सूत्रे पूर्ण लिहिण्याची तसदी त्याने घेतलेली नसते. पोपच्या फर्मानांसाठी सोळाव्या शतकापासून वापरात आलेली ‘बोल्लाटिका’ लिपी तर इतकी दुर्बोध होती, की मूळ फर्मानासोबत साध्या अक्षरातील नक्कल जोडावी लागे. मोडी कागदाला बालबोध नक्कल जोडावी, तसाच हा प्रकार. तेरावे लिओ यांनी डिसेंबर १८७८ मध्ये ती लिपी बंद केली. ज्यांना या विद्येचे रीतसर शिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी त्याच पोपनी १८८४ मध्ये स्थापन केलेली प्राचीन लिपी, दस्तऐवजशास्त्र आणि अभिलेखशास्त्र यांची शाळा अभिलेखागाराशी संलग्न आहे. तिचा प्रवेश मात्र निराळा असतो व तेथे लॅटिनच्या ज्ञानाची खरोखर कसोटी लागते.

अर्जापूर्वी करावयाचे काम

अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात आणि माझ्या मते त्या सर्व कागदपत्रांपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट काळमर्यादेची. अभिलेखागार पोपच्या कारकिर्दीनुसार टप्प्याटप्प्याने खुले होते. २ मार्च २०२० पासून बारावे पायस यांच्या कारकिर्दीचे, म्हणजे ऑक्टोबर १९५८ पर्यंतचे कागद पाहता येतात. त्यामुळे मुंबईच्या आर्चबिशपपदावर पोर्तुगीज आणि ब्रिटिश व्यक्तींनी आलटून पालटून यावे, असे ठरवणारा १९२८ चा पोर्तुगाल व पोप यांच्यातील करार आणि तो रद्द करणारा १९५० चा करार, या दोहोंमागील घडामोडी आज अभ्यासता येतात. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासकाराला हे क्षेत्र मोठे आहे. याउलट डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीच्या वेळचा पत्रव्यवहार पाहण्यासाठी अर्ज करण्यात अर्थ नाही. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे कागद अपवाद म्हणून आधीच खुले करण्यात आले आहेत. त्यावरून १९५८ नंतरचे इतर कागदही मिळतील, असे अनुमान काढू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला हवा असलेला कागद आधीच छापलेला आहे काय, हे पाहणे. भारताशी संबंधित लॅटिन व पोर्तुगीज साधनांबाबत हा प्रश्न फारच वेळा होकारार्थी सुटतो. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर मिळालेल्या पाद्रोआदो या अधिकाराविषयीची पोपची फर्माने लिस्बनमध्ये १८६८ ते १८७९ या काळात ‘बुल्लारियुम पात्रोनातुस पोर्तुगालिए रेगुम’ या संग्रहात छापली गेली. येशूसंघीयांची (जेझुइटांची) भारतातून गेलेली पत्रे योसेफ विकी यांनी ‘दोकुमेंता इंदिका’ या अठरा खंडांच्या मालेत संपादित केली. ती माला १९४८ ते १९८८ अशी चाळीस वर्षे प्रसिद्ध होत होती आणि तिच्यात १५४० ते १५९७ या काळातील कागद येतात. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेले लॅटिन पत्र, ज्यात येथील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याची त्यांनी नोंद केली, तेही या मालेत मिळते. एखाद्या चांगल्या ग्रंथालयात बसून हे खंड वाचणाऱ्याला रोमची वारी कित्येकदा टाळता येते. टाळता आली नाही, तरी संपादकांनी तळटीपेत दिलेले मूळ कागदाचे स्थान हाती आल्याने शोध निम्मा झालेला असतो. अभिलेखागारात मदतनीसाला ‘गोव्याविषयी काय आहे ते दाखवा’ असे म्हणून चालत नाही. संग्रहाचे नाव, खंडाचा क्रमांक आणि शक्यतो पानाचा क्रमांक सांगावा लागतो. सुमारे ८५ किलोमीटर लांबीच्या फडताळांमध्ये चाचपडत बसण्याची मुभा कोणालाही नसते.

येथेच आणखी एक खुलासा करणे आवश्यक आहे. गोव्याच्या इतिहासाचे सगळे कागद या एकाच संग्रहात नाहीत. येशूसंघाचे स्वतःचे रोममधील अभिलेखागार निराळे, आणि १६२२ मध्ये स्थापन झालेल्या प्रोपागांदा फिदे या धर्मप्रसार मंडळाचे ऐतिहासिक अभिलेखागार निराळे. दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउश द कास्त्रो यांनी गोव्यातील पोर्तुगीज धर्मसत्तेशी न पटल्यामुळे रोम गाठले, तेथे त्यांना बिशपपद मिळाले आणि आदिलशाही मुलखासाठी त्यांची नियुक्ती झाली. त्यांच्यासारख्या व्यक्तीचा अभ्यास करणाऱ्याने प्रोपागांदाकडे आधी वळावे. व्हॅटिकन ग्रंथालय ही चौथी स्वतंत्र संस्था आहे. तिचे प्रवेशपत्र अभिलेखागारात चालत नाही, आणि अभिलेखागाराचे ग्रंथालयात चालत नाही. ग्रंथालयातील पुष्कळ हस्तलिखिते संगणकावर मोफत पाहता येतात, त्यामुळे केवळ हस्तलिखित हवे असणाऱ्याने आधी तिकडे शोध घ्यावा.

कागदपत्रे

अर्जासोबत पुढील गोष्टी तयार ठेवाव्यात. वैध पारपत्र आणि त्याची छायाप्रत लागते. आधारकार्डाचा तेथे उपयोग नाही. सर्वोच्च पदवीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते केवळ मराठीत किंवा हिंदीत असेल तर त्याचे अधिकृत भाषांतर सोबत असावे. संशोधनाचा विषय, कोणत्या काळातील कोणते संग्रह पाहायचे आहेत आणि कोणत्या तारखांना, हे थोडक्यात सांगणारे विनंतिपत्र अर्जदाराने स्वतः लिहावे. ते इटालियनमध्ये असल्यास उत्तम, इंग्रजीही चालते.

या सर्वांत कळीचा कागद म्हणजे परिचयपत्र. ते मान्यताप्राप्त संशोधनसंस्थेने, विद्यापीठाने किंवा ऐतिहासिक संशोधनात नाव असलेल्या व्यक्तीने, संस्थेच्या छापील कागदावर, स्वाक्षरी व शिक्क्यासह दिलेले असावे. आपल्याकडे अशी पत्रे ‘सदर विद्यार्थी चांगल्या वर्तणुकीचा आहे’ या साच्यातून काढण्याची सवय आहे. एका ओळखीच्या संशोधकाचे परिचयपत्र अशाच साच्यातले होते आणि त्यात विषयाचा उल्लेखच नसल्याने दुसरे पत्र मागवण्यात तीन आठवडे गेले. पत्रात अर्जदार कोणत्या विषयावर काम करतो, त्यासाठी मूळ कागद पाहणे का अपरिहार्य आहे आणि तो ते कागद हाताळण्यास व वाचण्यास समर्थ आहे, या तीन गोष्टी स्पष्टपणे याव्यात. विभागप्रमुखांना मसुदा स्वतः करून देण्यात कमीपणा मानू नये.

व्हिसासाठी स्वतंत्र तयारी करावी लागते. व्हॅटिकनचा वेगळा व्हिसा नसतो. इटलीमार्गेच जावे लागत असल्याने शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा, परतीच्या प्रवासाचे व निवासाचे पुरावे आणि बँकेची विवरणे लागतात. अभिलेखागाराचे उत्तर किंवा जागेच्या आरक्षणाची प्रत जोडल्यास प्रवासाचे कारण सांगणे सोपे जाते, म्हणून व्हिसाआधी अभिलेखागाराशी पत्रव्यवहार पूर्ण करावा.

अर्ज, प्रवेश आणि वाचनालयातील नियम

अर्ज आणि जागेचे आरक्षण अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरून होते. वाचनालयातील जागा मोजक्या असल्याने विमानाचे तिकीट काढण्याआधी तारखा निश्चित कराव्यात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत वाचनालय बंद असते. महाविद्यालयीन प्राध्यापकांची मे महिन्याची सुट्टी त्या दृष्टीने सोयीची पडते. नाताळ आणि ईस्टरच्या आसपासच्या दीर्घ सुट्ट्यांखेरीज ११ फेब्रुवारी, १९ मार्च आणि २९ जून हे आपल्या पंचांगात कोठेही लाल नसलेले दिवसही तेथे सुट्टीचे असतात, हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या दिवशी सांत’आन्ना दरवाज्यावर पारपत्र दाखवून आत जाता येते. अभिलेखागार बेल्व्हेदेरे चौकात आहे. तेथील कार्यालयात मूळ कागदपत्रे पडताळून प्रवेशपत्र दिले जाते, म्हणून छायाप्रतींवर विसंबून राहू नये. वाचनासाठी शुल्क नाही. पिशव्या बाहेरच्या कप्प्यात ठेवाव्या लागतात. आत शाईचे पेन चालत नाही. पेन्सिल आणि संगणक चालतो. दिवसाला मोजकेच खंड मिळतात आणि त्यांची मागणी ठरावीक वेळेतच नोंदवावी लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवसाची यादी आदल्या रात्री तयार असावी. सूचीदालनात अठराव्या शतकात ज्युझेप्पे गारांपी यांनी करवून घेतलेल्या लाखो चिठ्ठ्यांच्या सूचीचे खंड आहेत. त्यांची सवय होण्यातच पहिला दिवस जातो, आणि तो वाया गेला असे समजू नये. एखादा खंड सूचीत असूनही जागेवर नाही, असेही कधी होते : नेपोलियनने १८१० मध्ये हे दफ्तर पॅरिसला हलवले होते आणि परतीच्या प्रवासात त्यातले पुष्कळ कागद नष्ट झाले.

स्वतःच्या भ्रमणध्वनीने छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. प्रती हव्या असल्यास शुल्क भरून अभिलेखागाराकडूनच मागवाव्या लागतात, आणि त्या छापायच्या असतील तर स्वतंत्र परवानगी लागते. संपादित पाठ तयार करणाऱ्याने म्हणूनच तेथे बसूनच संक्षेप सोडवून घ्यावेत, शंकास्पद शब्दाचा आकार वहीत जसाच्या तसा उतरवावा, आणि खंडाच्या पानाचा क्रमांक पुढच्या व मागच्या बाजूसह लिहून ठेवावा. घरी परतल्यावर या तपशिलाची भरपाई होत नाही. संदर्भ देताना २०१९ नंतरच्या लेखनात अभिलेखागाराचे नवे नाव वापरावे. जुन्या ग्रंथांतील संक्षेप जुन्या नावाचा असला, तरी संग्रह व क्रमांक तेच आहेत. प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची किंवा लेखाची एक प्रत अभिलेखागाराला पाठवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य मानले जाते. ग्रंथ मराठीत असला तरीही ती पाठवावी, आणि सोबत शीर्षकाचे व विषयाचे इटालियन किंवा इंग्रजी टिपण जोडावे.