मणक्यांचे ठिसूळ अस्थिभंग : अपंगत्वाचे मापन

ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडे विरळ होण्याच्या आजारात, ठिसूळ झालेला मणका वाकताना, घागर उचलताना, कधी नुसत्या खोकल्यानेही दबून चपटा होतो. त्यापायी रोग्याचे रोजचे व्यवहार किती अडतात, हे अंकांत मांडणे म्हणजे या आजारातील अपंगत्वमापन होय.

हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला अंक) -२.५ किंवा त्याहून खाली गेला की निदान होते. अपंगत्व त्यातून कळत नाही. एक्स-रेवर मणक्याची उंची २०–२५% घटली तर सौम्य, ४०% पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी जेनंट प्रतवारी आहे. पण सारख्याच प्रतीच्या भंगाने एक बाई अंथरूण धरते, तर दुसरीला पत्ताही नसतो. सुमारे दोन-तृतीयांश मणकाभंग डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून रोग्यालाच विचारावे लागते.

१९८३ची रोलंड-मॉरिस प्रश्नावली सर्वाधिक वापरात आहे. 'पाठीमुळे कपडे घालायला वेळ लागतो', 'जिना चढताना कठडा धरावा लागतो' अशा धर्तीची २४ विधाने. आज लागू असेल त्यावर खूण करायची आणि खुणा मोजायच्या; जितक्या जास्त, तितके अपंगत्व जास्त. ती मुळात कंबरदुखीसाठी घडवलेली, आणि ठिसूळ मणके बरेचदा पाठीच्या मध्यावर मोडतात. तरी महत्त्वाच्या चाचण्यांत तिचाच आधार घेतला गेला. दबलेल्या मणक्यात हाडांसाठीचे वैद्यकीय सिमेंट भरण्याच्या उपचाराची २००९ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी १३१ रोग्यांवर झाली. निम्म्यांच्या आसपास रोग्यांना भूल देऊन सिमेंट न भरता उपचाराचा केवळ आभास निर्माण केला होता. २३ विधानांच्या सुधारित प्रश्नावलीत आरंभी १७च्या आसपास असलेले गुण महिन्याने सिमेंटवाल्या गटात १२, तर दुसऱ्या गटात १३ झाले. सुधारले दोघेही, फरक नगण्य. या निकालावरून तज्ज्ञांत मोठा वाद पेटला.

खास या रोगासाठीची क्वालेफो-४१ प्रश्नावली वेदना, हालचाल, घरकाम, लोकांत मिसळणे आणि मनःस्थिती यांबद्दल विचारते. तिच्यात ० उत्तम, १०० सर्वांत वाईट. कागदाला जोड म्हणून खुर्चीतून उठून ३ मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे यांचे सेकंद मोजतात. भिंतीला टाच टेकवून उभे राहिल्यावर डोके भिंतीपासून किती दूर राहते, त्यावरून पोक समजते.

ऑस्वेस्ट्री निर्देशांक ही कंबरदुखीमुळे आलेले अपंगत्व मोजणारी आणखी एक प्रश्नावली. तिची मराठी आवृत्ती तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. मात्र नुसते भाषांतर पुरत नाही. ऑस्वेस्ट्री खुर्चीत किती वेळ बसवते ते विचारते. आपल्याकडच्या आजींची अडचण पाटावरून उठण्याची आणि उकिडवे बसण्याच्या संडासाची असते. ऑस्वेस्ट्रीतील लैंगिक जीवनाचा प्रश्न तर अनेक जण कोराच सोडतात.

ऑस्वेस्ट्रीचे गुणही टक्क्यांत असल्याने घोटाळा होतो. त्यात ४०% आले म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. २०१६च्या कायद्यानुसार लाभांसाठी लागणारे किमान ४०% अपंगत्व सरकारी निकषांनुसार तपासून वैद्यकीय प्राधिकारी ठरवतात.