साइनच्या वक्राआधी

साइनचा आलेख हाताने काढताना आपण 0, 30, 45, 60, 90 अंशांच्या किमती घेतो, बिंदू मांडतो आणि हलक्या हाताने जोडतो. वक्र आधी झपाट्याने चढतो आणि 90 जवळ आडवा होत जातो. असं का, हे वर्गात क्वचितच सांगतात. मला ते आर्यभटाच्या एका श्लोकात सापडलं.

‘मखि भखि फखि धखि णखि ञखि ङखि हस्झ’ अशी त्याची सुरुवात. आर्यभटीय, इसवी सन 499. अक्षरांत आकडे भरलेत: म म्हणजे 25, खि म्हणजे 200, मिळून 225. मग 224, 222, 219 असं उतरत शेवटी 22 आणि 7. वर्तुळाच्या पाव भागाचे 24 तुकडे, प्रत्येक 3 अंश 45 कलांचा (60 कला म्हणजे एक अंश). दर तुकड्याला ‘ज्या’, म्हणजे त्या काळची साइन, किती वाढली, तेवढंच श्लोकात आहे. त्रिज्या 3438, कारण परीघ 21600 कला धरला की ती जवळपास तेवढीच येते.

आता बेरीज करून बघा. पहिल्या आठ आकड्यांची 1719, म्हणजे 3438 च्या बरोबर निम्मी. 30 अंशांची साइन अर्धी, ती हीच! पुढच्या आठांची 1259, शेवटच्या आठांची जेमतेम 460. या तीन चढण्या कागदावर मांडल्या की वक्राची पाठ आपोआप वाकते.

तरीही तो वक्र तेव्हा कुणी काढला नाही. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याच्या दोरीचा अर्धा भाग, वर्तुळातली एक लांबी. ग्रहगणिताला ती लांबीच हवी होती. 1150 च्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात भास्कराचार्यांनीही वर्तुळ काढून, त्यावर अंश आखूनच ज्या मोजायला सांगितल्या. ‘ज्या’चंच दुसरं नाव ‘जीवा’; ती अरबीत ‘जीबा’ झाली, पुढे ती ‘जैब’ म्हणजे खोळ अशी वाचली गेली, आणि लॅटिनमध्ये त्याचंच भाषांतर ‘सायनस’ झालं.

वक्र कागदावर उतरला तो फ्रान्समध्ये, 1630 च्या दशकात. रोबेर्वाल हा गणिती चक्रजाचं, म्हणजे घरंगळत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू आखतो त्या वक्राचं, क्षेत्रफळ काढत होता आणि त्यासाठी त्याने एक सोबतीचा वक्र आखला. तो साइनचाच होता. साइनकडे लांबी म्हणून नव्हे, तर फल (फंक्शन) म्हणून बघायला मात्र गणिती ऑयलरचा 1748 चा ग्रंथ यावा लागला. त्याने त्रिज्या 1 धरली, म्हणून आपला वक्र 3438 पर्यंत न जाता 1 वरून खाली वळतो.