लॅक्स्टनची बिनबांधाची शेती

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन हे लहानसं गाव. एक चर्च, एक पब, नॉर्मन काळातल्या गढीचे मातीचे उंचवटे आणि रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी असलेली विटांची शेतघरं. गावाचं खरं धन मात्र शिवारात आहे. मध्ययुगीन सामाईक पद्धतीची शेती इथे आजही चालते.

वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शिवारं आहेत. प्रत्येकात पट्टे, आणि एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले, म्हणजे चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला येते. मध्ये कुंपण नाही, बांधही नाही. जुन्या मापाने एक एकर म्हणजे २२ यार्ड रुंद आणि २२० यार्ड लांब पट्टा. नांगर माती एकाच बाजूला पलटतो. पट्ट्याच्या मधून सुरुवात करून भोवतीने नांगरत गेलं की माती मध्याकडे सरकते, वर्षानुवर्षांनी तिथे वरंबा चढतो आणि दोन पट्ट्यांमध्ये खोल सरी राहते. भारी चिकणमातीत पाण्याचा निचरा तिथून होई आणि हद्दही तीच.

१६३५ साली मार्क पियर्सने सर विल्यम कोर्टेन या जमीनदारासाठी गावाची मोजणी केली. त्याचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकेक पट्टा दिसतो, शिवाय नांगरणारी आणि शिकारीला निघालेली माणसंही रेखाटलेली आहेत.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने गावोगाव कायदे करून असली शिवारं एकत्र केली आणि खाजगी कुंपणात घातली. लॅक्स्टनमध्येही कडेची बरीच जमीन कुंपणात गेली, पण मधली शिवारं वाचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेव्हाचे जमीनदार अर्ल मॅन्व्हर्स यांच्या इस्टेटीने बारीक पट्टे जोडून मोठे केले. आजचे पट्टे म्हणूनच १६३५पेक्षा कमी आणि रुंद आहेत. या जोडणीमुळेच पद्धत यंत्रांच्या काळात तग धरू शकली.

पिकांचा फेरा तीन वर्षांचा. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी पड शिवारात गहू येतो. सगळ्यांनी एकच फेरा पाळावा लागतो. पूर्वी पिकं निघाल्यावर गावाची जनावरं तिथे सामाईक चरत, आणि एकट्याचं उभं पीक मध्येच राहिलं तर तो घोळ सगळ्यांच्या माथी येई.

बांध कोरण्याची खोड इथेही आहेच, फक्त इथे बांधाऐवजी वाटा आणि ‘साइक’ म्हणतात ते गवताचे पट्टे नांगराखाली जातात. नांगराचं एक तास (ओळ) जास्त ओढलं की हद्द सरकली, आणि दरवर्षी थोडी थोडी. यावर उपाय कोर्ट लीट, म्हणजे मॅनरचं (जमीनदारीचं) जुनं गावन्यायालय. नोव्हेंबरअखेर बारा पंच नुकताच गहू पेरलेल्या शिवाराची पाहणी करतात, कारण ताज्या नांगरटीत आगळीक स्पष्ट दिसते. हद्दीच्या जागी लाकडी खुंट ठोकतात, दोषींची नोंद करतात. आठवड्याने डोव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट बसतं आणि दंड ठरतो. १९७७च्या कायद्याने देशभरच्या असल्या जुन्या मॅनर न्यायालयांचे अधिकार काढले, तेव्हा लॅक्स्टनला खास सूट मिळाली.

मालकी १९५२ साली कृषी मंत्रालयाकडे, १९८१ साली क्राउन इस्टेटकडे (राजमुकुटाच्या मालमत्तेचा कारभार पाहणारी संस्था) आणि २०२० साली थॉर्सबी इस्टेटकडे गेली. कुळं मात्र शेतकरीच राहिली, पंचही त्यांच्यातूनच निवडले जातात. म्हणूनच शेतकऱ्यांची संख्या घटणं ही इथे खरी काळजीची बाब आहे.