फेन-फेन: वजन उतरले, झडपा बिघडल्या

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भूक कमी करणारी दोन औषधे वेगवेगळ्या वेळी संमत केली होती: फेंटरमीन १९५९ मध्ये आणि फेनफ्लुरामिन १९७३ मध्ये. ती दोन्ही एकत्र घेण्याला, म्हणजेच पुढे ‘फेन-फेन’ या नावाने गाजलेल्या जोडीला, मात्र प्रशासनाने कधीही मान्यता दिली नव्हती.

ही जोडी लोकप्रिय झाली ती रोचेस्टर विद्यापीठातील मायकेल वाइनट्रॉब यांच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे. त्यात १२१ लठ्ठ व्यक्ती सहभागी होत्या. ३४ आठवड्यांत ही औषधे घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.२ किलोने, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे ४.६ किलोने घटले. एका औषधाची सुस्ती दुसऱ्याच्या उत्तेजक गुणाने झाकायची आणि दोन्हींची मात्रा कमी ठेवायची, ही कल्पना चतुरच म्हणावी लागेल. पण अभ्यासाचे लक्ष वजनावर होते, हृदयाच्या झडपांवर नव्हे. मान्यताप्राप्त औषध वेगळ्या पद्धतीने लिहून देण्याची मुभा डॉक्टरांना असल्याने एकट्या १९९६ मध्ये या औषधांची १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रिस्क्रिप्शन्स लिहिली गेली.

त्याच वर्षी युरोपातील एका अभ्यासातून असे दिसले, की या प्रकारच्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याच्या दुर्मीळ, पण जीवघेण्या विकाराचा धोका सुमारे २३ पटींनी वाढतो. मग १९९७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची माहिती जाहीर केली. त्यांना पूर्वी हृदयविकार नव्हता. फेन-फेन घेतल्यावर मात्र झडपांमधून रक्त उलट गळू लागले होते. शस्त्रक्रियेत झडपांवर चकचकीत पांढरा थर आढळला. १५ सप्टेंबर १९९७ रोजी फेनफ्लुरामिन आणि त्याचे भावंड डेक्सफेनफ्लुरामिन बाजारातून मागे घेण्यात आले. फेंटरमीन राहिले, ते आजही विकले जाते.

दोष कोणाचा, हे पुढील संशोधनाने उलगडले. फेनफ्लुरामिनचे शरीरात नॉरफेनफ्लुरामिन बनते आणि ते झडपांच्या पेशींवरील ‘५-एचटी२बी’ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे सेरोटोनिन या शरीरातील संदेशवाहक रसायनाचा संदेश घेणाऱ्या ग्राहीला, चेतवते. त्यामुळे पेशी वाढतात, झडप जाड आणि ताठर होते, तिची पाती नीट मिटेनाशी होतात. फ्रान्समध्ये मधुमेहींसाठी म्हणून विकले जाणारे, पण वजन घटवण्यासाठीही सर्रास दिले जाणारे ‘मेडिएटर’ हे औषधही शरीरात हाच पदार्थ तयार करते. तरीही ते तेथे २००९ पर्यंत विकले जात होते. अमेरिकेतल्या धड्यानंतरची ही बारा वर्षे मला सर्वाधिक अस्वस्थ करतात. २०२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ते बनवणाऱ्या सर्व्हिए या कंपनीला दोषी ठरवून २७ लाख युरोंचा दंड केला.

अमेरिकेत उत्पादक अमेरिकन होम प्रॉडक्ट्स, म्हणजे नंतरची वायेथ, हिने १९९९ मध्ये रुग्णांच्या दाव्यांवर ३७५ कोटी डॉलर्सची सामूहिक तडजोड मान्य केली. तिच्याबाहेर राहून स्वतंत्र दावे लढणारेही हजारो निघाले आणि कंपनीला या प्रकरणासाठी अखेर २१०० कोटींहून अधिक डॉलर्सची तरतूद करावी लागली. पैसा आला तशी लबाडीही आली. केंटकीत सुमारे ४४० रुग्णांच्या वतीने मिळालेल्या २० कोटी डॉलर्समधील मोठा हिस्सा त्यांच्याच वकिलांनी लाटला आणि त्यांपैकी दोघांना २००९ मध्ये दीर्घ तुरुंगवास झाला.

आता एक अनपेक्षित वळण. २०२० मध्ये फेनफ्लुरामिन कमी मात्रेत परतले आहे, तेही ड्रॅव्हे सिंड्रोम या बालपणातच सुरू होणाऱ्या तीव्र अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून. अमेरिकेत त्यासाठी एक अट घातली गेली: उपचारांपूर्वी, उपचार चालू असताना दर सहा महिन्यांनी आणि औषध थांबवल्यावर पुन्हा एकदा एकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचा.