प्रवासी छायाचित्रण : मिररलेस कॅमेऱ्याने

आटोपशीर आरसाविरहित (मिररलेस) कॅमेरा आणि दोन-तीन निवडक लेन्स एवढ्याच सामग्रीवर प्रवासात केलेले छायाचित्रण. आजच्या स्वरूपात ही पद्धती साधारणतः २००८ नंतर रूढ झाली. ओझे कमी करण्याची धडपड मात्र छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. ओल्या कोलोडियन प्रक्रियेत (काचेवर ओला रासायनिक थर देऊन लगेच छायाचित्र घेण्याच्या जुन्या पद्धतीत) काचपट्ट्या, रसायने आणि अंधारा तंबू बरोबर न्यावा लागे. ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न यांच्या १८६३, १८६४ व १८६६ मधील हिमालयाच्या सफरींत हे सामान वाहण्यासाठी हमालांचा तांडाच होता. दम्याचा विकार असलेले जर्मन तंत्रज्ञ ओस्कार बार्नाक यांनी १९१३–१४ च्या सुमारास चित्रपटाची ३५ मिमी. फिल्म वापरून २४ × ३६ मिमी. चौकटीचा छोटा कॅमेरा बनवला. तोच पुढे १९२५ मध्ये लायका या नावाने बाजारात आला.

लायकातही आरसा नव्हता आणि येथूनच आद्यत्वाचा वाद सुरू होतो. केवळ आरशाचा अभाव ही कसोटी धरली, तर पेटी-कॅमेऱ्यापासून कितीतरी जुने कॅमेरे मिररलेस ठरतील. हे नाव एसएलआरच्या (लेन्समधून आलेली प्रतिमा हलत्या आरशाने डोळ्यांपर्यंत नेणाऱ्या कॅमेऱ्याच्या) तुलनेतून आलेले आहे, म्हणून व्याख्या अधिक काटेकोर हवी. काही अभ्यासक एप्सन आर-डी१ (२००४) याला पहिला मान देतात : लेन्स बदलता येते, सेन्सर डिजिटल आहे, आरसा नाही. परंतु त्याचा दर्शक (व्ह्यूफाइंडर) रेंजफाइंडर पद्धतीचा, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून पाहण्याचा असून सेन्सरवरील प्रतिमा त्यात दिसत नाही. पॅनासॉनिक डीएमसी-जी१ (२००८) मध्ये सेन्सरवर पडणारी प्रतिमाच इलेक्ट्रॉनिक दर्शकात उमटते. छायाचित्र घेण्याआधीच उजेड-अंधाराचा परिणाम डोळ्यांना दिसणे हा या कॅमेऱ्यांचा खरा विशेष असल्याने जी१ ला पहिला मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र जी१ ची ठेवण लहान एसएलआरसारखीच होती. प्रवाशाच्या दृष्टीने ऑलिंपस पेन ई-पी१ (२००९) अधिक महत्त्वाचा. दर्शक गाळून केवळ पाठीवरच्या पडद्यावर (स्क्रीनवर) भिस्त ठेवल्याने तो कोटाच्या मोठ्या खिशात मावू लागला. पूर्ण चौकटीचा (२४ × ३६ मिमी.) सेन्सर सोनी अल्फा ७ (२०१३) पासून या आकारात आला.

आरसा गेल्याने नेमके काय साधते, हे लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतच्या अंतरावरून कळते. हे अंतर निकॉन एफ बैठकीत ४६.५ मिमी. आणि कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी. आहे, मायक्रो फोर थर्ड्समध्ये (वरील पॅनासॉनिक व ऑलिंपस कॅमेऱ्यांच्या पद्धतीत) सुमारे १९, सोनी ई मध्ये १८, फुजीफिल्म एक्समध्ये १७.७ तर निकॉन झेडमध्ये १६ मिमी. एसएलआरमध्ये हलत्या आरशाला वाट देण्यासाठी लेन्सचा मागचा भाग दूर ठेवावा लागतो. त्यामुळे केंद्रांतर (फोकल लेंग्थ) या अंतरापेक्षा कमी असलेल्या विशालकोनी लेन्सना उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागते. आंजेन्यू या फ्रेंच कंपनीची १९५० ची ३५ मिमी. रेट्रोफोकस लेन्स हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. अशा रचनेत पुढची काच मोठी होते आणि वजन वाढते. आरसा नसल्यास मागची काच सेन्सरजवळ आणता येते. हा लाभ अपेक्षेइतका मोठा नसतो, कारण फिल्म स्वीकारते तितक्या सहज डिजिटल सेन्सर कडेची तिरपी किरणे स्वीकारत नाही. शिवाय प्रतिमेची वक्रता पुष्कळदा सॉफ्टवेअरने सुधारली जाते, म्हणजे लेन्स लहान होण्याचे सगळे श्रेय आरशाच्या अभावाला देता येत नाही. टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणाऱ्या) लेन्सना तर हा लाभ जवळपास नाहीच. त्यांचे आकारमान केंद्रांतर, छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट) आणि सेन्सरच्या मापावर ठरते. मायक्रो फोर थर्ड्सच्या १७.३ × १३ मिमी. सेन्सरवर २५ मिमी. लेन्स पूर्ण चौकटीवरील ५० मिमी. लेन्सएवढा दृश्यकोन देते. एफ/२.८ ला (एफ-अंक जितका लहान तितके छिद्र मोठे) उद्‌भासन (प्रकाशाची तीव्रता) तेच राहते, पण दृश्यखोली (स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली) पूर्ण चौकटीवरील एफ/५.६ इतकी मिळते. निसर्गदृश्यांत ही वाढीव खोली उपयोगीच पडते, व्यक्तिचित्रांत ती नको असते.

लेन्स किती न्याव्यात याबद्दल दोन मते आहेत. एक पक्ष एकच झूम पुरेशी मानतो. दुसरा पक्ष ३५ मिमी. तुल्य स्थिर केंद्रांतराची लेन्स आणि जोडीला हलकी टेलिफोटो पसंत करतो. कमी उजेडातील देवळे, गल्ल्या आणि घरांचे अंतर्भाग लक्षात घेता दुसरी निवड अधिक कामाची ठरते, कारण अशा स्थिर लेन्सचे छिद्र बहुधा एफ/२ किंवा त्याहून मोठे असते. लेन्स थोड्या ठेवण्याला एक यांत्रिक कारणही आहे. लेन्स काढताच बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर उघडा पडतो, कारण समोर आरसा नसतो आणि पडदा (शटर) उघडाच असतो. म्हणून लेन्स बदलताना कॅमेरा बंद करून तोंड खाली धरतात. वाळूच्या प्रदेशात ती शक्यतो बदलतच नाहीत. कॅनन ईओएस आर (२०१८) मध्ये कॅमेरा बंद केल्यावर पडदा मिटण्याची सोय आली.

सेन्सर व दर्शक सतत चालू असल्याने बॅटरी एसएलआरपेक्षा लवकर उतरते; जादा बॅटरी लागतेच. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातील सामानातच ठेवाव्या लागतात.