तुकडेजोड गोधडीसाठी मशीन-टिपेची नक्षी

तुकडे जोडून केलेला वरचा थर, मधले भरण आणि खालचे अस्तर हे तीन थर शिलाई मशीनवर एकमेकांना टाचताना टिपेच्या रेषा कोणत्या आकाराच्या, किती अंतरावर आणि कुठून कुठे न्यायच्या हे ठरवणे म्हणजे टिपेची नक्षी निवडणे. टीप शोभेसाठी असते हा समज अर्धाच खरा आहे. तिचे पहिले काम भरण जागच्या जागी धरून ठेवण्याचे. म्हणून नक्षीचा विचार कागदावरच्या चित्रापासून नव्हे, मधल्या कापसापासून सुरू करावा.

पुण्यातल्या घरांना ही गोष्ट नवी नाही. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून शिवलेल्या हाताच्या गोधडीत धावदोरा बहुधा कडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जातो. वर लावलेली ठिगळे लाल आहेत की निळी, चौकोनी आहेत की वाकडी, याची तो पर्वा करत नाही. सगळ्या पृष्ठभागावर सारखीच घनता ठेवणारी ही रचना आजही उत्तम आहे, आणि मशीनवर नक्षी शोधणाऱ्याने आधी घरातली जुनी गोधडी उलगडून तिची पाठ पाहावी.

मशीनवर मात्र दिशा उलटी होते. हाताच्या शिवणीत थर जमिनीवर पसरलेले असतात. मशीनचे दाते खालचे कापड ओढतात आणि वरचा पाय वरचे कापड पुढे ढकलतो, त्यामुळे कडेने सुरुवात केली तर सगळा सैलपणा मध्यावर साचून चुणी पडते. म्हणून टीप मध्यापासून सुरू करून बाहेर न्यायची. दोन्ही थर सारखे सरकवणारा वॉकिंग फूट लावला की सरळ रेषांत हा त्रास पुष्कळ कमी होतो.

दोन टिपांमधले जास्तीत जास्त अंतर भरणावर ठरते. नुसता पिंजलेला कापूस पसरला असेल तर दोन-तीन इंचांपलीकडे जाऊ नये, नाहीतर पहिल्या धुण्यातच गोळे होतात. सुयांनी घट्ट केलेले तयार कापसाचे भरण आठ-दहा इंचांचे अंतरही सोसते. त्याची मर्यादा पाकिटावर छापलेली असते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीवर सहा इंचांचे चौकोन असतील आणि फक्त जोडांच्या खाचेतून टीप नेली, तर सुमारे ४२ मीटर टीप लागते. दर दोन इंचांवर लांबीच्या रेषा मारल्या तर सुमारे ६६ मीटर, दर इंचाला मारल्या तर १३५ मीटर. दोरा वरून आणि बॉबिनमधून असा दोनदा जातो, हे धरून दुप्पट करावे. पहिला मार्ग सर्वांत कमी कष्टाचा खरा, पण त्यात सहा इंचांची पोकळी राहते आणि पिंजलेल्या कापसाला ती चालत नाही.

यानंतर प्रश्न येतो तुकड्यांचा. पूर्ण झालेला वरचा थर भिंतीवर टांगून चार पावले मागून पाहावा, किंवा फोनवर कृष्णधवल फोटो काढावा. रंग बाजूला पडले की उजेड-अंधाराचा खेळ दिसतो, आणि तुकड्यांची रचना त्यावरच उभी असते. छापील फुलांच्या कापडावर बारीक पिसांची नक्षी काढली तरी ती कोणालाच दिसत नाही; तिथे वळणावळणाची साधी रेषा पुरते. कष्टाची नक्षी एकरंगी मोकळ्या जागेसाठी राखून ठेवावी. सगळे तुकडे चौकोन-त्रिकोणांचे असतील तर गोल वळणांची टीप त्यांना मऊपणा देते. उलट कापडातच वेलबुट्टी असेल तर शंकरपाळ्यांची तिरकी जाळी शोभते. दाट टीप पडते तो भाग खाली दबतो आणि विरळ भाग फुगून वर येतो. तुकड्यांची एखादी चांदणी उठून दिसावी असे वाटत असेल तर टीप तिच्या भोवती दाट हवी, तिच्या अंगावर नव्हे. पण घनतेतला फरक फार झाला, विशेषतः काठ मोकळा आणि मध्य दाट, की काठ लाटांसारखा हेलकावतो आणि नंतर तो सरळ करता येत नाही.

चांदणीच्या मध्यावर जिथे आठ टोके एकत्र येतात, तिथे शिवणीचे थर साचलेले असतात. त्यावरून टीप गेली की टाका चुकतो, कधी सुई मोडते. नक्षी निवडतानाच ती गाठ टाळून जाणारी घ्यावी. खाचेतली टीप हवी असेल तर जोड एका बाजूला इस्त्री केलेले असावेत आणि टीप सखल बाजूने न्यावी. जोड दोन्हीकडे उघडून इस्त्री केले असतील तर ही टीप घालू नये, कारण तिथे ती कापडाऐवजी नुसत्या दोऱ्यावर बसते.

मशीनच्या हाताखालची, म्हणजे सुई आणि उजवीकडच्या उभ्या खांबामधली, जागाही निर्णय घेते. घरगुती मशीनला ही जागा साधारण सहा ते नऊ इंच असते आणि त्यातून अर्ध्या गोधडीची वळकटी जायला लागते. मध्यावर मोठे वर्तुळ काढायचे तर ती वळकटी पूर्ण फिरवावी लागते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या रेषेला ते लागत नाही. लाँगआर्म मशीनवर गोधडी चौकटीवर ताणलेली असते आणि मशीनच फिरते, म्हणून तिथे सगळीकडे पसरणारी मोठी नक्षीही सोपी जाते. घरच्या मशीनवर दाते खाली करून मोकळी टीप घालायची असेल, तर शिवणवर्गात रिंग लावून मशीन एम्ब्रॉयडरी केलेल्या बायकांचा हात लवकर बसतो, कारण कापड आपणच फिरवायचे हे त्यांच्या अंगवळणी असते. ठिपक्यांच्या रांगोळीतली एकही रेघ न तुटणारी वळणे पेन्सिल न उचलता कागदावर गिरवणे हा त्याचा सगळ्यात चांगला सराव.

पुण्यात खण किंवा इरकलीच्या पदराचे तुकडे साध्या सुती कापडाबरोबर जोडण्याची हौस आहे. रेशमी विणीवर उसवलेल्या टिपेची भोके दिसत राहतात, त्यामुळे तिथे प्रयोग नको. जुन्या साडीचे झिजलेले कापड असेल तर टाका तीन मिलिमीटरचा ठेवावा. बारीक टाक्यांनी असे कापड चाळणीसारखे होऊन फाटते.

नक्षी पक्की करण्याआधी टेबलावर घालायचे पारदर्शक प्लास्टिक गोधडीवर पसरून त्यावर मार्करने रेषा काढून बघाव्यात. प्लास्टिकच्या कडेला रंगीत टेप लावला तर शाई कापडावर उतरत नाही. जुन्या घरांतली शहाबादी फरशी इथे कामी येते: तिच्या सांध्यांशी अस्तराची कड जुळवली की थर आपोआप काटकोनात बसतात. खुणांसाठी साबणाची झिजलेली चिपटी चांगली, कारण ती धुण्यात जाते. पाण्याने जाणाऱ्या काही पेनांची रेघ इस्त्री लागली की कायमची होते. बहुरंगी थरावर राखाडी दोरा सगळ्यांत मिसळतो. विरोधी रंगाचा दोरा हाताची प्रत्येक चूक दाखवतो.

पहिल्या धुण्यात सुती भरण तीन ते पाच टक्के आक्रसते आणि टिपेभोवती बारीक सुरकुत्या उमटतात. हे धुणे आषाढातल्या पावसात काढू नये. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गोधडी आतपर्यंत वाळते.