मायक्रोडोसचं माप कोण घेणार?

पऱ्हाटीवर फवारणी करताना पंपाला किती टोपणं औषध टाकायचं, याचं माप चुकलं की काय होतं हे विदर्भाला सांगावं लागत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. त्याच गावांतल्या पोरांच्या मोबाइलवर आता 'मायक्रोडोसिंग' पोहोचलं आहे. एलएसडी किंवा मॅजिक मशरूम ही भास घडवणारी द्रव्यं नशेच्या मात्रेच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाने घ्यायची, एक दिवस घेऊन दोन दिवस थांबायचं. नशा होत नाही, पण अभ्यासात लक्ष लागतं, उदासी पळते, असा दावा. भरतीची तयारी करून थकलेल्या पोराला हे खरं वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. म्हणूनच हा दावा नीट तपासायला हवा.

मनःस्थितीशी जोडलेलं सेरोटोनिन हे रसायन मेंदूत ज्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतं, त्यांनाच ही द्रव्यं चिकटतात, हे पक्कं आहे. स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी 1943 मध्ये 250 मायक्रोग्रॅम एलएसडी स्वतः घेतलं. इतक्याशाने फार काही होणार नाही असं त्यांना वाटलं होतं, पण ते पुरते हादरले. मायक्रोडोस म्हणजे त्याहून कितीतरी कमी, साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम. एवढ्याने फायदा होतो का?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी यासाठी नामी युक्ती काढली. मायक्रोडोस घेणाऱ्या लोकांनीच घरी कॅप्सूल भरल्या, काहींत द्रव्य, काही रिकाम्या. क्यूआर कोड लावलेल्या पाकिटांमुळे आज आपल्या वाट्याला काय आलं हे त्यांनाही कळत नव्हतं. 191 जणांनी प्रयोग पुरा केला. 2021 मध्ये निकाल आला. चार आठवड्यांनी मायक्रोडोसवाल्यांना बरं वाटत होतं, आणि रिकाम्या कॅप्सूलवाल्यांनाही जवळपास तितकंच! बरं वाटणं खोटं नव्हतं, पण त्यातला मोठा वाटा अपेक्षेचा होता. शिकागो विद्यापीठात निरोगी माणसांना 13 आणि 26 मायक्रोग्रॅम एलएसडी चार वेळा देऊन पाहिलं, तिथेही मनःस्थितीत किंवा बुद्धीच्या चाचण्यांत सुधारणा आढळली नाही.

"पण नैराश्यावर सायलोसायबिन चालतं ना?" असं कुणी म्हणेल. मॅजिक मशरूममधलं मुख्य द्रव्य ते हेच. 2022 च्या मोठ्या चाचणीत 233 रुग्णांपैकी 25 मिलिग्रॅमवाल्यांचं नैराश्य तीन आठवड्यांत जास्त उतरलं, तेही प्रशिक्षित माणसं सोबत असताना. त्याच चाचणीत 1 मिलिग्रॅमची मात्रा होती ती केवळ तुलनेसाठी! मोठ्या मात्रेचा निकाल दाखवून चिमूटभर मात्रेचा प्रचार करणं मला फसवणूकच वाटते.

मला खरी काळजी आहे ती पावसाळ्याची. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वारुळावरच्या सात्या, म्हणजे खाण्याच्या अळंब्या, ओळखणाऱ्या आज्या गावोगावी आहेत. पण शेणावर उगवलेली छत्री आपल्याकडे कुणी ताटात घेत नाही, त्यामुळे व्हिडिओतलं चित्र पाहून पोरगा ती मॅजिक मशरूम समजून तोडायला निघाला तर त्याला अडवणारं जाणतं माणूसही भेटत नाही. एकाच जातीच्या दोन छत्र्यांतही सायलोसायबिन कित्येक पटीने कमीजास्त असतं, म्हणजे 'दहावा हिस्सा' हे माप वजनकाट्यावरही निघत नाही. काही जंगली छत्र्यांत तर यकृत जाळणारं विष असतं, ते शिजवूनही जात नाही. सहा ते बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग दिवसभर आराम पडल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. म्हणून अनोळखी छत्री कुणी खाल्लीच, तर उलटी थांबली तरी घरी थांबू नका. उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

एलएसडी आणि सायलोसायबिन 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात येतात, त्यामुळे जवळ बाळगणंही गुन्हा आहे. आणि मनःस्थितीच्या आजारावरची लिथियमची गोळी चालू असलेल्याने ही द्रव्यं घेतली तर झटके येऊ शकतात.

मन खरंच खचलं असेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.